घरी बनवलेल्या कपाटाचं दार पुन्हा पुन्हा उतरतंय? बिजागरी बदलण्याआधी हे तपासा

प्लाय आणून स्वतः उभं केलेलं कपाट पहिले काही महिने छान चालतं. मग दार तळाला घासायला लागतं. स्क्रू फिरवून वर घेतलं, की आठ-पंधरा दिवसांत ते पुन्हा खाली. शेवटी महागाच्या बिजागऱ्या येतात, त्याच जुन्या भोकांत बसतात आणि महिन्याभरात पुन्हा तेच सुरू. दुखणं म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला! उतरलेल्या दारांच्या बहुतेक बिजागऱ्या धडधाकट असतात. बिघाड असतो त्या ज्या फळीत रोवल्या आहेत तिच्यात, किंवा कपाट ज्या जमिनीवर उभं आहे तिच्यात.

इथली बिजागरी म्हणजे दार बंद असताना बाहेरून न दिसणारी, दुकानात जिला ऑटो हिंज म्हणतात ती. हळू मिटणारी असेल तर सॉफ्ट क्लोज. तिचे तीन भाग ध्यानात ठेवा, पुढे सारखे लागतील: दाराच्या ३५ मिमीच्या गोल खड्ड्यात बसतो तो कप, कपाटाच्या उभ्या फळीवर बसते ती प्लेट, आणि दोघांना जोडणारा हात.

लक्षणं

- हँडलकडचा खालचा कोपरा तळाच्या फळीला घासतो. दोन दारं असतील तर मधली फट वर मिटत जाते आणि खाली उघडत जाते.
- दोन दारांच्या वरच्या कडा एका रेषेत नाहीत, एक दार अख्खंच खाली गेल्यासारखं दिसतं.
- दार जुळवलं तरी काही दिवसांत परत उतरतं. उघडताना ‘कट्’ आवाज येतो. बिजागरीच्या खालच्या कप्प्यावर भुशाचे कण पडतात.
- दार पूर्ण मिटत नाही, किंवा मिटवल्यावर स्वतःच दोन बोटं उघडतं.
- फक्त पावसाळ्यात घासतं, दिवाळीनंतर आपोआप सुटतं.
- वरचा कोपरा कपाटाला टेकतो पण खालचा बाहेर राहतो, किंवा याच्या उलट.

पहिल्या दोन लक्षणांत आधी जमिनीकडे बघायचं. तिसरं दिसलं तर प्लेटच्या भोकांवर संशय घ्या. चौथ्यात बहुधा बिजागरीचा प्रकार किंवा कपाचा खड्डा चुकलेला असतो. शेवटची दोन म्हणजे दाराच्या लाकडाचीच तक्रार.

आधी दार उचलून बघा

हत्यार लागत नाही, पैसा लागत नाही, आणि निम्मं निदान इथेच होतं. दार अर्धं उघडा. हँडलकडच्या कडेखाली तळहात लावून दार हलकेच उचला आणि सोडा, दोन-तीन मिलिमीटरच. दुसऱ्या हाताने मोबाइलचा टॉर्च वरच्या बिजागरीवर तिरका धरा आणि हालचाल नेमकी कुठे होते ते बघा.

प्लेट आणि फळी यांच्यामध्ये केसाएवढी काळी रेघ उघडझाप करत असेल, तर प्लेटचे स्क्रू सुटले आहेत. प्लेट घट्ट आहे पण तिच्यावरचा हात सरकतोय, तर हात पकडणारा स्क्रू किंवा क्लिप ढिली आहे. कप खड्ड्यात डुलत असेल तर दाराकडचे दोन स्क्रू किंवा खड्डाच मोठा झालाय. सगळं घट्ट आहे पण दार उचलताना कपाटच हलतंय, तर स्क्रूला हात लावू नका, आधी जमीन बघा. आणि काहीच हलत नसताना दार तिरकं दिसत असेल, तर कपाटाची चौकट तिरपी आहे किंवा दार जुळवायचं राहिलंय.

वरच्या बिजागरीनंतर खालची, मग मधल्या, अशा सगळ्या बघा. दाराच्या वजनाने वरची बिजागरी फळीपासून बाहेर ओढली जाते आणि खालची फळीवर दाबली जाते, म्हणून आधी वरचीच सुटते. दार जितकं रुंद आणि वरच्या-खालच्या बिजागऱ्यांमधलं अंतर जितकं कमी, तितकी ही ओढ जास्त. त्यामुळेच ओट्याखालचं ६०० मिमी रुंद, बुटकं शटर बेडरूममधल्या उंच, अरुंद दारापेक्षा लवकर उतरतं.

याच वेळी आतही एक नजर टाका. बाहेर आलेला हॅंगर, कुलपाची वाकलेली पट्टी, पुढे सरकलेली कप्प्याची फळी. दार मिटत नसण्याचं कारण कधी कधी एवढंच असतं.

जमीन आणि चौकट

लेव्हल बॉटल कपाटाच्या तळाच्या फळीवर आडवी ठेवा, मग समोरून मागे ठेवा. बाल्कनीजवळ किंवा बाथरूमच्या भिंतीलगत फरशीला पाण्यासाठी उतार दिलेला असतो, तिथे चारही पाय कधीच सारखे टेकत नाहीत. एक पाय अधांतरी राहिला, की कपडे भरल्यावर तो कोपरा खाली बसतो, चौकट पिळवटते, आणि दोष मात्र दारात दिसतो.

पडताळण्यासाठी दारं उघडून समोरच्या चौकटीचे दोन्ही कर्ण टेपने मोजा. २१०० बाय ९०० मिमीच्या चौकटीचा कर्ण सुमारे २२८५ मिमी भरतो. तो आकडा महत्त्वाचा नाही, दोन्ही कर्ण सारखे आहेत का ते महत्त्वाचं. एक सुतापेक्षा, म्हणजे ३ मिमीपेक्षा जास्त फरक असेल तर बिजागरीने दार जुळवण्यात अर्थ नाही.

उपाय पॅकिंगचा. पाठीला प्लाय नीट ठोकलेला असेल, तर ज्या बाजूचं दार खाली दिसतं त्या बाजूच्या पुढच्या पायाखाली पॅकिंग द्या. एकच दार असेल तर बिजागरीच्या बाजूला. कपाट थोडं हलकं करा, पटाशीने नव्हे तर पातळ पहारीने किंवा लाकडी पाचरीने कोपरा उचला. पॅकिंगला सनमायकाचे उरलेले तुकडे सर्वांत चांगले. एक तुकडा सुमारे १ मिमीचा असतो, त्यामुळे एकेक मिलिमीटरने वर जाता येतं. पुठ्ठा नको: फरशी पुसताना तो भिजतो आणि दबतो. प्रत्येक तुकड्यानंतर दार बंद करून फट बघा. फट बिघडत गेली तर पॅकिंग काढून दुसऱ्या बाजूला द्या. जमीन जुळली की पुष्कळदा दारही जुळतं, एकही स्क्रू न फिरवता.

स्क्रूने जुळवणं

बिजागरीच्या हातावर दोन स्क्रू दिसतात. कपाकडचा, पुढचा स्क्रू दाराला डावीकडे-उजवीकडे सरकवतो. मागचा स्क्रू दार आत-बाहेर करतो. वर-खाली करायचं असेल तर प्लेटच्या लांबट भोकांतले स्क्रू ढिले करून प्लेट सरकवावी लागते, काही प्लेटांना त्यासाठी वेगळा स्क्रू असतो.

मोकळा कोपरा खाली आला असेल तर वरच्या बिजागरीवर पुढचा स्क्रू फिरवून दार बिजागरीच्या बाजूला ओढा आणि खालच्या बिजागरीवर तेवढंच बाहेर ढकला. मधल्या बिजागऱ्यांचे स्क्रू त्याआधी ढिले करायला विसरू नका. त्या घट्ट राहिल्या तर दार जुन्या जागी धरून ठेवतात, जोर सगळा प्लेटच्या भोकांवर येतो आणि आटे जातात. बहुतेक लोक इथेच चुकतात. वरची आणि खालची बिजागरी जुळली की मधल्या आहेत त्या जागीच घट्ट करा.

एका वेळी पाव फेरा, मग दार बंद करून बघायचं. कोणत्या दिशेला फिरवल्यावर दार कुठे जातं हे बिजागरीनुसार बदलतं, ते त्या पाव फेऱ्यातच कळतं. पेचकस हाताचाच घ्या, ड्रिल मशीन नको. स्क्रूच्या डोक्यावर अधिकच्या खुणेमध्ये बारीक तिरक्या रेषा असतील तर ते पोझीड्राइव्ह डोकं आहे, त्याला पीझेड २ टोक लागतं. साध्या फिलिप्सने ते डोकं गोल होऊन जातं आणि मग स्क्रू काढणंही अवघड होतं.

भोकांतले आटे गेले असतील तर

वारंवार उतरणाऱ्या दाराचं खरं दुखणं बहुधा हेच, म्हणून इथे घाई करू नका. प्लेटचा स्क्रू फिरतच राहतो, घट्ट होत नाही, किंवा घट्ट झाल्यासारखा वाटून दोन दिवसांत सुटतो. म्हणजे भोकातल्या लाकडाचा भुगा झाला आहे. स्क्रू मशीनने जास्त आवळला, बारीक भोक आधी पाडलं नाही, किंवा फळी मुळात पार्टिकल बोर्डची (लाकडाचा भुसा दाबून बनवलेली) आहे, यांतलं एखादं कारण असतं.

लांब स्क्रू हा पहिला विचार मनात येतो, तो टाळा. फळी १८ मिमीची आणि स्क्रू १६ मिमीचा. प्लेटच्या जाडीचे दीड-दोन मिलिमीटर वगळले तर फळीत जेमतेम १४ मिमी जातात. २५ मिमीचा स्क्रू पलीकडे सनमायका फोडून बाहेर येतो. मधल्या फळीवर दोन्ही बाजूंनी दारं असतील तर समोरासमोरचे स्क्रू एकमेकांवर आदळतात.

काडेपेटीच्या काड्या किंवा टूथपिक फेविकॉलमध्ये बुडवून भोकात ठोकणं हा घरोघरचा उपाय आहे. प्लायमध्ये, हलक्या दाराला तो चालतो. पार्टिकल बोर्डमध्ये वेळ वाया जातो, कारण आजूबाजूचा भुसाच सुटा झालेला असतो, त्याला काडीने पकड येत नाही.

टिकणारा उपाय लाकडी खुंटीचा:

१. दाराखाली पुस्तकं किंवा पॅकिंग लावून त्याचं वजन पेला. मग खालच्या बिजागरीपासून सुरुवात करून दार सोडवा, वरची सर्वांत शेवटी. एक माणूस दार धरायला हवाच.

२. प्लेट काढा. तिच्या दोन स्क्रूंच्या जागी प्लायमध्ये ८ मिमी, पार्टिकल बोर्डमध्ये १० मिमी भोक पाडा. खोली १३ मिमी, जास्त नाही. बिटावर १३ मिमीला चिकटपट्टी गुंडाळा, म्हणजे हात आपोआप थांबतो.

३. भोकातला भुसा फुंकून किंवा व्हॅक्यूमने पूर्ण काढा. भुशावर लावलेला फेविकॉल फक्त भुशालाच चिकटतो.

४. भोकाच्या भिंतींना आणि खुंटीला फेविकॉल लावून खुंटी तळापर्यंत ठोका. बाहेर राहिलेला भाग बारीक दातांच्या करवतीने फळीबरोबर कापा.

५. चोवीस तास थांबा. पावसाळ्यात दीड दिवस.

६. प्लेट जागेवर धरून खूण करा, २.५ मिमीच्या बिटने १२ मिमी खोल भोक पाडा आणि ३.५ बाय १६ मिमीचा स्क्रू हाताने आवळा. बाजारातल्या खुंटीचे तंतू स्क्रूच्याच दिशेने असतात. बारीक भोक न पाडता स्क्रू घातला तर ती उभी चिरते आणि केलेलं सगळं फुकट जातं.

प्लेट पुन्हा बसवताना समोरच्या कडेपासून स्क्रूंची रेघ ३७ मिमी आणि दोन स्क्रूंमधलं अंतर ३२ मिमी, हे नेहमीचं माप जुन्या खुणेशी ताडून बघा. घरी बनवलेल्या कपाटांत ३७ चं कुठे ३५, कुठे ४० झालेलं असतं. दोन प्लेटा एका रेघेत नसतील तर दार उघडताना आणि मिटताना प्रत्येक वेळी त्या भोकांना पिळतात, आणि मग खुंटीसुद्धा फार दिवस टिकत नाही.

पार्टिकल बोर्डचं नवीन कपाट बनवत असाल तर आधीच ५ मिमीचं भोक पाडून ६.३ बाय १३ मिमीचे जाड आट्यांचे युरो स्क्रू वापरा. भुशाच्या फळीत साध्या स्क्रूपेक्षा त्यांची पकड कितीतरी चांगली. भोकाभोवतीचा बोर्ड फुगला असेल तर ती जागा सोडा आणि बिजागरी ६०-७० मिमी वर किंवा खाली हलवा. दारातही नवा खड्डा पाडावा लागतो, पण फुगलेल्या बोर्डला धरून बसण्यापेक्षा ते बरं.

बिजागऱ्या पुरेशा आणि योग्य आहेत का?

साधारण ६०० मिमीपर्यंत रुंद, १८ मिमी प्लायच्या दाराला ९०० मिमी उंचीपर्यंत २ बिजागऱ्या, १६०० पर्यंत ३, २००० पर्यंत ४ आणि २४०० पर्यंत ५ असा हिशेब धरा. २१०० बाय ४५० मिमीचं, दोन्ही बाजूंना सनमायका लावलेलं दार १३-१४ किलो भरतं. त्यावर १५०० बाय ३५० मिमीचा, ४ मिमी जाडीचा आरसा चिकटवला की पाच किलो वाढले. दार बनवताना मोजलेल्या बिजागऱ्या नंतर हौसेने लावलेल्या आरशाला पुरत नाहीत. आरसा लावायचा असेल तर एक बिजागरी वाढवा. वरची आणि खालची बिजागरी टोकांपासून सुमारे १०० मिमीवर असू द्या.

आता प्रकार. तो बिजागरीच्या हाताला किती बाक आहे, म्हणजे क्रँक किती, त्यावरून ठरतो. दार उभ्या फळीची पूर्ण जाडी झाकत असेल तर झिरो क्रँक, एकाच मधल्या फळीवर दोन दारं अर्धी-अर्धी येत असतील तर आठ, आणि दार चौकटीच्या आत बसत असेल तर सोळा क्रँक (काही कंपन्यांत पंधरा). चुकीची बसली असेल तर दार अडतं किंवा उघडून येतं, आणि स्क्रूने ते कधीच जुळत नाही, कारण त्या स्क्रूची सरक काही मिलिमीटरच असते. इथे मात्र बिजागरी बदलाच.

कपाचा खड्डा १२ ते १२.५ मिमी खोल हवा. उथळ राहिला तर कपाची कड दाराच्या वर उचललेली राहते आणि दार मिटत नाही. खोल करताना जपा: १८ मिमीच्या प्लायमध्ये पलीकडे साडेपाच मिलिमीटरच उरतात आणि बिटाचं मधलं टोक खड्ड्याच्या तळाहूनही पुढे जातं. कप खड्ड्यात डुलत असेल तर खड्ड्यात लाकडाची इपॉक्सी पुट्टी भरून कप दाबून बसवा आणि पूर्ण सुकल्यावरच स्क्रू आवळा.

दार फुगलंय की वाकलंय?

मुंबईत, कोकणात, गोव्यात जूनपासून हवेतला ओलावा लाकडात शिरतो. प्लायला फारसा फरक पडत नाही. भरीव लाकूड मात्र रुंदीत फुगतं: सागासारख्या शांत लाकडाची ४५० मिमी रुंद फळीसुद्धा मोसमागणिक २ ते ५ मिमी बदलू शकते, कापणी कशी आहे त्यावर. म्हणून भरीव लाकडाचं दार पावसाळ्यात रंध्याने तासू नका. डिसेंबरमध्ये ते आकसलं की तिथे बोटभर फट दिसेल. जिथे घासतं तिथे मेण चोळून ठेवा, हिवाळ्यात कडा मोजा आणि मग जरूर असेल तेवढंच तासून लगेच पॉलिश करा. दाराची खालची कड बहुतेक वेळा कोरीच राहिलेली असते. तिलाच आधी पॉलिश किंवा एज बँड (कडेला चिकटवायची पट्टी) लावा, ओलावा तिथून सर्वांत जास्त शिरतो.

वाक बघायला दाराच्या उंचीइतकी सरळ पट्टी किंवा ताणलेला दोरा कडेला लावा. फक्त बाहेरून सनमायका आणि आतून कोरा प्लाय असं दार ठरून वाकतं, कारण दोन्ही बाजू ओलावा सारखा घेत नाहीत. वाक थोडा असेल तर आतून ०.८ मिमीचा लायनर (आतल्या बाजूला लावायचा पातळ सनमायका) चिकटवून तो पुढे वाढण्यापासून थांबतो, आलेला वाक मात्र पूर्ण जात नाही. २१०० मिमी दारात ३-४ मिमीपर्यंत वाक मागच्या स्क्रूने लपवता येतो. त्यापुढे डोअर स्ट्रेटनर नावाची अ‍ॅल्युमिनियमची पट्टी खाच पाडून बसवावी लागते, किंवा दारच नवं.

पाठ

सर्वांत कष्टाचं काम शेवटी. कपाट भिंतीलाच लागणार म्हणून मागची फळी लावलीच नाही, किंवा ४ मिमीचा प्लाय चार खिळ्यांवर टांगला, असं घरी बनवलेल्या कपाटांत पुष्कळदा होतं. पाठीनेच चौकट काटकोनात राहते. ती नसेल तर पॅकिंग आणि बिजागऱ्या कितीही जुळवा, दार ओढलं की चौकट पुन्हा सरकेल. कपाट पूर्ण रिकामं करून, दारं काढून, पालथं घाला. कर्ण सारखे होईपर्यंत चौकट दाबून जुळवा, ६ मिमी प्लाय लावा आणि कडेने दर १५० मिमीवर स्क्रू मारा. प्लाय गुनियात, म्हणजे अचूक काटकोनात, कापलेला असेल तर तो चौकटीला स्वतःच सरळ करतो.

इथे थांबा, माणूस बोलवा

उभी फळी बिजागरीजवळ उभी चिरली असेल किंवा प्लायचे पदर सुटले असतील, तर खुंटी-फेविकॉलने भागणार नाही. फळी बदलणं सुताराचं काम आहे, कारण त्यासाठी अख्खं कपाट सोडवावं लागतं. उंच कपाट भिंतीला बांधलेलं नसेल आणि दारं उघडल्यावर पुढे झुकत असेल, तर दारं बंद ठेवा, वरचे खण रिकामे करा आणि आधी ते भिंतीला एल क्लॅम्पने बांधून घ्या. घरात लहान मुलं असतील तर यात एक दिवसही घालवू नका. मोठा आरसा किंवा काच असलेलं दार दोन माणसांशिवाय काढू नका. आरसा सुटू लागला असेल तर काचवाल्यालाच बोलवा.

भुसा नीट बघा. स्क्रूचा भुसा बिजागरीच्या बरोबर खाली पडतो आणि त्यात कण असतात. पिठासारखी मऊ पूड कुठेही छोट्या ढिगांत दिसते, पुसली तरी पुन्हा येते, आणि जवळपास टाचणीच्या डोक्याएवढी गोल भोकं आहेत, तर ते लाकूड पोखरणारे किडे आहेत. मातीच्या नळ्या दिसल्या किंवा फळी ठोकल्यावर पोकळ वाजली तर वाळवी. दोन्हींत आधी पेस्ट कंट्रोल, मग सुतार.

कपाटामागची भिंत ओली असेल, पाठीचा प्लाय काळा पडला असेल, तर सुतारालाही थांबवा. आधी गळती शोधायला प्लंबर किंवा वॉटरप्रूफिंगवाला आणा. भिंत पूर्ण सुकल्यावर कपाट भिंतीपासून २५ मिमी पुढे घ्या आणि मगच नव्या प्लायवर खर्च करा.